जहाजाची जागा

मानवतच्या वाचनालयात 'बंदर आणि समुद्र' या नावाचं प्रदर्शन भरणार म्हटल्यावर पुष्कळांना हसू आलं. इथून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. पण शाळेत चित्रकला शिकवणारी निकिता हटली नाही. इथल्या कापसाच्या गाठी पिढ्यान्‌पिढ्या बंदरावर गेल्या, माणसं मात्र इथंच राहिली; त्या माणसांच्या मनातला समुद्र बघू, असं तिचं म्हणणं. मग मुलांनी होड्या रंगवल्या, कमलबाईंनी वाकळीवर मासे शिवून आणले, आणि हॉलची सगळ्यात लांब भिंत निकिताने माणिकरावांसाठी राखली.

माणिकराव तीन महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या फोटो स्टुडिओत समुद्राचा पडदा होता. एका जुन्या कॅलेंडरवर बघून तो त्यांनी स्वतःच रंगवला होता. निळं पाणी, चार माड आणि मधोमध धूर सोडणारं मोठं जहाज. लग्न ठरलेली पोरं, नवी जोडपी, बारशाची बाळं, तालुक्यातलं कोण त्या पडद्यासमोर उभं राहिलं नव्हतं? पडदा वाळवीने कधीच खाल्ला. पण निकिताने आवाहन केलं तसे लोकांनी ट्रंकांतून, देव्हाऱ्यामागून फोटो काढून आणले. एकशे बारा भरले.

ते तारखेप्रमाणे लावायचं काम माणिकरावांच्या मुलीने, राजेश्रीने घेतलं. ती परभणीच्या कॉलेजात मराठी शिकवायची. प्रत्येक फोटोच्या पाठीमागे वडलांच्या हातची तारीख होती. दोन दिवस ती फोटो लावत होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ध्यानात आलं की अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर एकाही फोटोत जहाज नाही. माड आहेत, पाणी आहे. मधोमध नुसता निळा रंग.

आयोजकांपैकी कुणीतरी म्हणालं, जहाज बुडालं वाटतं. दुसऱ्याने सांगितलं, बुडालं कशाचं, परभणीला बदली झाली असंल. सगळे हसले. राजेश्रीही ओठांतल्या ओठांत हसली.

तिला ती दिवाळी आठवत होती. कॉलेजच्या सहलीतून ती नुकतीच कोकण बघून आली होती. स्टुडिओत गिऱ्हाईक बसलेलं असताना ती पडद्याकडे बोट दाखवून वडलांना म्हणाली होती, "नाना, धूर डावीकडं चाललाय अन् झेंडा उजवीकडं फडकायलाय. वारा एका वेळेला दोन्हीकडून वाहतो का? समुद्र असा नसतो." नाना चष्मा पुसत राहिले. गिऱ्हाईक कौतुकाने तिच्याकडे बघत होतं. वीस वर्षांच्या मुलीला ते कौतुक आवडलं होतं.

म्हणजे नानांना ते लागलं होतं. एवढं लागलं की त्यांनी जहाजच पुसून टाकलं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. निकिताने फोटोंखाली लावायला माहिती मागितली, तेव्हा तिने चांगल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं: 'उत्तरार्धात माणिकरावांनी चित्रातील जहाज वगळले. रिकामा समुद्र त्यांना अधिक सत्य वाटला असावा.' निकिताला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन उघडलं. नानांच्या जुन्या शेजारीण वच्छलाबाई रिक्षा करून आल्या. त्यांच्या दोन मुलांचे फोटो भिंतीवर होते, थोरल्याचा जहाजासकट, धाकट्याचा जहाजाविना. त्यांना वाचता येत नव्हतं. पाटीवर काय लिहिलंय ते त्यांनी राजेश्रीलाच वाचायला लावलं. तिने वाचलं.

"हे कुनी लिवलं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"मी."

"तुला कुनी सांगितलं असं?" त्या खुर्चीवर टेकल्या. "अगं, मी भांडले होते नानाशी. थोरल्याला जहाज अन् धाकट्याला न्हाई, म्हनलं दुजाभाव कशाला? तर नाना म्हनले, वैनी, माझी राजू समुद्र बघून आलीया. ते जहाज चुकलंय म्हनती. आता ती मला घेऊन जानार हाय, कबूल केलंय तिनं. डोळ्यानं बघतो अन् मग बरोबर काढतो. तवर जागा ठिवलीया."

राजेश्रीने धाकट्याच्या फोटोतल्या मधल्या निळ्याकडे बघितलं.

कबूल केलं होतं. त्याच दिवाळीत, जेवताना, सहज. नंतर नोकरी, लग्न, मुलीच्या परीक्षा. नाना कधी आग्रह करायचे नाहीत. फोनवर मधूनच विचारायचे, तिकडं पावसाळ्यात जाता येत नसंल न्हाई का? आणि ती त्यांना हवामान समजावून सांगायची. एकदा तर तिकिटंही काढली होती. नानांनी पिशवी भरली. आदल्या दिवशी कॉलेजात तपासणी समिती येणार असल्याचं कळलं आणि तिने फोन केला. ते म्हणाले, हरकत न्हाई, काम आधी. त्यांना सहलीची हौस असेल, असंच ती समजत होती. स्टुडिओ बंद होईपर्यंत ते त्या कोऱ्या निळ्यासमोर लोकांना उभं करत राहिले, जहाज कुठं गेलं म्हणून लोकांची बोलणी ऐकत राहिले, आणि त्या राखलेल्या जागेबद्दल तिच्यापाशी एका शब्दाने बोलले नाहीत.

ते रुसले असते तर बरं झालं असतं.

तिने पाटी काढली. निकिता धावत आली, काही चुकलं का म्हणून विचारू लागली. राजेश्रीने कोरा पुठ्ठा मागितला आणि तिथंच टेबलावर लिहिलं: 'मधली जागा माणिकरावांनी जहाजासाठी राखून ठेवली होती. समुद्र दाखवण्याचं त्यांच्या मुलीने कबूल केलं होतं. तिने तो दाखवला नाही.' खाली स्वतःचं नाव घातलं.

वच्छलाबाईंनी ते निकिताकडून वाचून घेतलं आणि त्या कासावीस झाल्या.

"असं नको लिवू बाई. लोक काय म्हनतील? शेवटचं तेवढं खोड. जमलं न्हाई, असं लिव."

"जमलं असतं, काकू," राजेश्री म्हणाली. तिने खिळ्यावर पाटी अडकवली.

एवढ्यात शाळेची मुलं रांगेने आत आली. पुढची मुलगी पाटीसमोर थांबून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली. राजेश्री बाजूला सरकली, पण हॉलच्या बाहेर गेली नाही. मुलगी शेवटच्या वाक्यापर्यंत पोचेस्तोवर ती तिथंच उभी राहिली.