खुर्च्यांमागची सतरंजी

मी पंचायतीची सतरंजी बोलतेय. कित्येक वर्षं कपाटावर गुंडाळून पडले होते, आज सकाळी खाली काढलंय मला. घशात धूळ बसल्याने आवाज जरा घोगरा येईल, सांभाळून घ्या.

माझा जन्म हातमागावरचा. नवरा-बायको मिळून विणायचे. तो धोटा फेकायचा, ती तुटलेला धागा सांधायची आणि मध्येच म्हणायची, "अहो, लाल पट्टा जास्त होतोय." तो लगेच हात थांबवायचा. सगळीकडे असंच चालत असेल, असं मला वाटायचं. किती भोळी होते मी!

मग पंचायतीच्या कारकुनाने मला विकत आणलं. तिथल्या खुर्च्यांवर पुरुष सदस्य बसत. त्यांच्या पाठीमागे, दाराजवळ, बाई सदस्यांसाठी मला अंथरत. खुर्चीवर बसू नका असं त्यांना कोणी कधी म्हटलं नाही, आणि बसा असंही कोणी म्हटलं नाही. त्या आत यायच्या आणि सरळ माझ्याकडे वळायच्या.

खरं सांगू? मला ते फार आवडायचं. सुईण मावशी पाय पसरून गुडघे चोळत बसायची. भाजीवाली काकू बोलता बोलता माझ्या सुटलेल्या दशा वळत राहायची. पुढे खुर्च्यांवर कुणाच्या तरी बांधावरून हमरीतुमरी चाललेली असायची आणि इथे माझ्यावर हलक्या आवाजात खरं गाव बोलायचं. कोणाची सून अंगाने खंगत चाललीय, शाळेतल्या मोठ्या मुली दुपारीच घरी का परततात, सगळं मला ठाऊक असायचं. ते दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो.

पुढे टेलरबाई सरपंच झाल्या. गावभरचे कपडे शिवायच्या, म्हणून हे नाव. टेबलामागची मोठी खुर्ची आता त्यांची होती. पण पहिल्याच दिवशी त्यांचे यजमान, पिठाच्या गिरणीचे मालक, सोबत आले आणि "तू काय अन् मी काय, एकच की!" म्हणत त्या खुर्चीत ऐसपैस बसले. टेलरबाई क्षणभर घुटमळल्या आणि माझ्यावर येऊन बसल्या.

असे काही महिने गेले. मग गावाला नवा नळ मिळाला, पण एकच. पुरुषांना तो चौकात हवा होता, चहाच्या दुकानासमोर. बायकांना खालच्या आळीत. तिथल्या बायका ओढ्यावरून कळशी घेऊन निसरडा चढ चढत. सुईण मावशीची नातसून त्याच चढावर पडली होती आणि तिच्या पोटातलं बाळ गेलं होतं.

"नळ चौकात बसवायचा. संमती असेल त्यांनी हात वर करा," कारकून भाऊसाहेब म्हणाले.

दोन्ही पुरुष सदस्यांनी हात वर केले. गिरणीवाल्यांनीही केला.

"विरोधात?"

माझ्यावरचे तीन हात वर झाले. पण खुर्च्यांच्या पाठींपलीकडे बघायची भाऊसाहेबांना सवयच नव्हती. बिचाऱ्यांच्या मनात काही खोट नव्हती, समोर दिसतील तेवढेच हात ते आजवर मोजत आले होते. त्यांनी पेन उचललं. "एकमताने मंजूर!"

टेलरबाई उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, माझा हात कुठाय त्यात?"

"अहो बाई, तुमच्या घरचा हात धरलाय की!"

खोलीत हशा पिकला.

"घरचा हात घरी चालतो," टेलरबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "हे इथले सदस्य नाहीत, पाहुणे आहेत. चहा घेतील आणि जातील. आता परत मोजा."

सुईण मावशी माझ्यावर हात टेकून, कण्हत उठली. भाजीवाली काकूही उठली. उभ्या राहिलेल्या बायका न दिसायला भाऊसाहेब काही आंधळे नव्हते. तीन विरुद्ध दोन. नळ खालच्या आळीत गेला. गिरणीवाले लालबुंद होऊन निघून गेले, चहासुद्धा घेतला नाही.

आणि टेलरबाईंनी लगेच काय केलं असेल? बायकांसाठी खुर्च्या मागवल्या आणि मला कपाटावर टाकलं. मी रुसले. इतकी वर्षं तुम्हाला सांभाळलं, त्याचे असे पांग फेडलेत का, असं मनात आलं. खुर्चीवरून त्यांचे आवाज मोठे ऐकू येऊ लागले, तेव्हा कुठे माझा राग निवळला. पण त्यांच्या उबेची आठवण काही गेली नाही.

आता टेलरबाई पदावर नाहीत. भाऊसाहेबही निवृत्त झाले. नव्या कारकुनाने आज मला झटकलं आणि पुन्हा खुर्च्यांच्या मागे अंथरलं. "बायकांना आपलं खाली बसलेलंच बरं पडतं," असं म्हणाला. अंग मोकळं झालं म्हणून मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू?

आत्ता दारातून एक नवी निवडून आलेली पोर आलीय. पहिलीच बैठक तिची. इकडेतिकडे बघत तिने संकोचून माझ्या काठावर पाऊल ठेवलंय. तिने टेकावं म्हणून माझा धागा न् धागा आसुसलाय. तरी कळवळून सांगते, पोरी, माझ्यावर बसू नकोस. पुढे जा. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी आहे.