सातवा रकाना

कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना सामाजिक सुरक्षा देऊ, असं वचन देशानं जगापुढं दिलंय. ते पाळलं जातंय का, एवढंच दिल्लीला कळायला हवं होतं. त्यासाठी एक तक्ता आला आणि लातूरच्या कामगार कल्याण कचेरीतल्या वीरेशच्या टेबलावर येऊन पडला. सातवा रकाना होता 'वारसांचे प्रलंबित अर्ज'. अर्ज एकच होता, रेणापूरच्या पंचफुलाचा, पेन्शनसाठी. तिचा नवरा ज्ञानोबा स्लॅबच्या कामावरून पडून गेला होता.

"एक दिसला की विचारणा होते," साहेब म्हणाले. "ठेकेदाराचा दाखला नाही ना जोडलेला? मग त्रुटी काढा, परत धाडा. रकाना मोकळा होतो."

वीरेशनं सोमवारी अर्ज परत धाडला आणि रकान्यात 'निरंक' लिहिलं. दुःख मिटवायचं सोडून दुखणेकऱ्याचं नावच खोडायचं, यात आपल्या कचेऱ्यांचा हात कुणी धरणार नाही.

गुरुवारी पंचफुला दाखला घेऊनच आली. ज्ञानोबानं नव्वद दिवस काम केलं, एवढं लिहून द्यायला ठेकेदारानं तिला वर्षभर झुलवलं होतं. शेवटी त्याच्या पोरीच्या लग्नात तिनं आठ दिवस भांडी घासली, तेव्हा कुठं सही मिळाली. हे तिनं हसून सांगितलं, आणि ते हसूच वीरेशला लागलं.

"आता कायबी कमी न्हाई ना, साहेब? पेन्शन सुरू झाली की महामायाला पुन्यांदा कॉलेजात घालायची हाय. लई हुशार हाय पोरगी."

"बाई, तुमचा अर्ज परत गेलाय. पोस्टानं घरी येईल."

"का बरं? दाखला तर हाय की ह्यो."

ती खरं तेच बोलत होती. तक्ता अजून टेबलावरच होता. वीरेशनं 'निरंक' खोडून 'एक' लिहिलं आणि आत गेला. साहेब रागावले नाहीत.

"राहू द्या एक. मग सोमवारी अर्ज परत कुणी धाडला, त्याचा खुलासाही तुम्हीच लिहा."

जावक वहीत सही वीरेशची होती. साहेबांनी तोंडानं सांगितलं होतं, आणि तोंडी हुकमाला शिक्का नसतो. बाहेर येऊन त्यानं कोरा तक्ता घेतला आणि पुन्हा 'निरंक' लिहिलं. त्याला स्वतःची किळस आली, तरी अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

"परत गेलेला अर्ज बाद धरतात, नवा करावा लागेल," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "पण माणूस गेल्यापासून वर्षाच्या आत अर्ज यायला पाहिजे. तुमचं वर्ष काल भरलं."

पंचफुला बराच वेळ दाखल्याची घडी नीट करत राहिली. मग तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, कागदाला अजून काय लागतं एवढंच तिला समजून घ्यायचं होतं.

"मग मालक गेल्याली तारीख बी नवी टाकू का, साहेब?"