चुकीच्या पत्त्यावरचं पत्र आणि मी

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. जुना म्हणजे टाकाऊ नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवतो. माझी डावी काडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली आहे आणि उजव्या काचेवर एक चरा आहे, पण नाकावर ठेवलं तर मी अजून घसरत नाही. मला जे सांगायचं आहे ते माझं मलाच पुरतं उमगलेलं नाही. तेव्हा तुम्हीही फार घाई करू नका.

खडकी बाजारातल्या एका दुकानात माझ्या काचा घासल्या गेल्या. रंगराव तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते आणि वर्तमानपत्र हात लांब करून वाचायला लागले होते. ते एका कारखान्यात तपासनीस होते. खोक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि चूक दिसली की लाल खूण करायची, हे त्यांचं काम. एकदा बाहेरून आलेल्या मालाच्या चिठ्ठीवर आठच्या जागी तीन छापलेला होता. तिघांच्या नजरेतून तो सुटला, रंगरावांनी मात्र पकडला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. पाठ त्यांची, पण आकडा मी दाखवला होता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. असो.

निवृत्तीनंतर ते वारज्याला फ्लॅटमध्ये राहायला आले आणि मी खणात गेलो. संपलेले सेल, कुलपांशिवायच्या किल्ल्या आणि मी. अधूनमधून त्यांच्या पत्नी कौशल्याबाई मला डाळ निवडायला बाहेर काढायच्या. एवढ्या वर्षांत रंगरावांच्या डोळ्यांचा नंबर वाढला होता. "दिवाळीनंतर बघू," असं ते म्हणायचे. अशा किती दिवाळ्या गेल्या ते मी मोजलं नाही.

मग त्यांची मुलगी भाग्यश्री हिंजवडीचं हॉस्टेल सोडून घरी आली. कंपनीने सुट्टी दिली आहे, एवढंच तिने सांगितलं आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. दोन महिने ते दार लावलेलंच होतं. ताट आत जायचं आणि अर्धं भरलेलं परत यायचं. काय झालं, असं कुणी विचारलं की आतून एकच उत्तर यायचं, "बरी आहे." लेकीच्या तोंडून याहून वेगळं एक वाक्य ऐकायला मिळावं म्हणून रंगराव कासावीस झाले होते. त्यांनी शेवटी तिची मैत्रीण संस्कृती हिला गाठलं.

संस्कृतीने त्यांच्या मोबाइलवर एक मराठी समूह उघडून दिला. मनाने थकलेली माणसं तिथे खोटी नावं घेऊन खरं लिहितात, असं ती म्हणाली.

"काका, घरच्यांनाही तिथे येता येतं. पण आधी नुसतं वाचा हं. लगेच सल्ले द्यायला सुरुवात करू नका, प्लीज!"

म्हणून मी पुन्हा नाकावर आलो. रोज दुपारी जेवणं झाली की रंगराव बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचे आणि आम्ही दोघं वाचायचो. खरं सांगतो, मी पार गोंधळून गेलो. 'कोरा कागद' नावाचं कुणीतरी रोज फक्त एक टिंब टाकायचं आणि वीस माणसं त्याला 'आहोत आम्ही' म्हणायची. कुणीच कुणाला उपाय सांगत नव्हतं. 'उन्हातली छत्री' नावाच्या मुलीने एकदा लिहिलं, 'आज अंघोळ केली.' त्यावर चाळीस जणांनी तिचं अभिनंदन केलं!

"अंघोळीचं कसलं अभिनंदन?" रंगराव कौशल्याबाईंना म्हणाले.

"मला काय विचारता? मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसण्यापेक्षा तिच्याशी बोला."

"बोललो की सकाळी."

"जेवलीस का, एवढंच विचारलंत. त्याला बोलणं म्हणत नाहीत."

त्याच आठवड्यात भाग्यश्री ओल्या केसांनी खोलीबाहेर आली. रंगराव ताडकन उठले. त्यांना शाबासकी द्यायची होती, मला ते अगदी जवळून दिसत होतं. पण तोंडातून निघालं, "पाणी गरम होतं ना?" ती "हो" म्हणाली आणि आत गेली. अनोळखी चाळीस जणांना जे जमलं ते बापाला का जमू नये, हे कोडं मला सुटलं नाही. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली.

आणि मग एका गुरुवारी 'उन्हातली छत्री'ने लिहिलं, 'बाबा रोज दाराबाहेरून विचारतात, जेवलीस का. कधी दुसरं काही विचारलं असतं, तर कदाचित मी सांगितलं असतं.'

ही आपलीच भाग्यश्री, याबद्दल रंगरावांना तिळभरही शंका उरली नाही. ते एका बोटाने लिहायला लागले. दोन वाजता सुरुवात केली आणि साडेचार वाजले. मधेच अक्षरं धूसर झाली. माझा नंबर कमी पडतोय की आणखी काही, हे मला कळेना.

त्यांनी लिहिलं, 'चि. भाग्यश्री हिस अनेक आशीर्वाद. दाराबाहेर उभा राहिलो की मला दुसरं काही सुचत नाही. जन्मभर चूक दिसली की लाल खूण करायची, एवढंच शिकलो. तुझ्यात काही चूक नाही. नोकरी नको असेल तर सोड. तुला काय होतंय ते मला समजत नाही. समजेपर्यंत मी बाहेर बसून राहीन.' आणि खाली, पत्राची रीत म्हणून, स्वतःचं पूर्ण नाव, इमारत, फ्लॅट नंबर, वारजे, पुणे आणि मोबाइल नंबर. मी मनात म्हणालो, अहो रंगराव, इथे कुणी पत्ता लिहीत नाही! पण चष्म्याचं कोण ऐकतं?

दहा मिनिटांत पत्र गायब झालं. समूह सांभाळणाऱ्या मंदाकिनीताईंनी लिहिलं, 'काका, आपला पत्ता सगळ्यांना दिसू नये म्हणून पत्र काढलं आहे. आपण रागावू नका. फार चांगलं लिहिलं होतंत.' त्याखाली 'छत्री'चं उत्तर होतं, 'काका, मी भाग्यश्री नाही. दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी आहे. पण ते जाण्याआधी मी तीनदा वाचलं.'

रंगराव शरमेने लाल झाले. परक्या मुलीपुढे आपण सगळं ओतून बसलो आणि आपली मुलगी तिथेच भिंतीपलीकडे! त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

तेवढ्यात आतली कडी निघाली. भाग्यश्री दारात उभी होती आणि तिच्या हातात तिचा मोबाइल होता.

"बाबा, आपला फ्लॅट चारशे आठ आहे. तुम्ही चारशे तीन लिहिलंत."

मित्रांनो, हा घाव माझ्यावर होता. ज्या आकड्यासाठी एकदा पाठ थोपटली गेली, तोच आज आमच्या नजरेतून निसटला होता.

"तू... तूही आहेस तिथे?" रंगरावांनी विचारलं.

"मी काही लिहीत नाही. नुसती वाचते. दोन महिने झाले."

"मीसुद्धा आजपर्यंत नुसतं वाचतच होतो," ते म्हणाले. मग त्यांचं तोंड उघडलं. आता पुन्हा जेवणाचंच विचारणार, या भीतीने मी गारठलो. त्यांनी मला काढलं आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. बराच वेळ पुसून झाल्यावर म्हणाले, "शेजारी बसतेस का जरा? काही नाही बोललीस तरी चालेल."

ती बसली. आणि बोलली. काय बोलली ते मी सांगणार नाही. खाजगी ते चारचौघांत उघड करायचं नाही, हा मंदाकिनीताईंचा नियम मलाही लागू आहे. कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि पदर तोंडाशी धरून तिथेच थांबल्या.

पुढच्या मंगळवारी बाप-लेक डॉक्टरांकडे गेले. येताना रंगराव नवा चष्मा करायला टाकून आले. ते भाग्यश्रीनेच करायला लावलं. दार अजूनही काही दिवस बंद असतं. रंगराव बाहेर खुर्ची टाकून बसतात. सगळं ठीक झालं की नाही, ते मी खणातून कसं सांगू?

एकाच घरातली दोन माणसं भिंतीच्या दोन बाजूंना बसून तेच वाचत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटे आहोत. हे मला अजूनही समजलेलं नाही. तुम्हाला समजलं तर कुणीतरी खण उघडून मला सांगा. आणि तुमच्या घरी कुणी 'बरी आहे' म्हणालं, तर काच एकदा पुसून पुन्हा बघा. आठ कधी तीन दिसायला लागतो, ते बघणाऱ्याला कळत नाही.