लाल ठिपका म्हणजे भोक

पिंपळवंडीच्या हौशीरामनं तीस वर्षं कंपनीत दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून लेथ चालवली. रिटायर झाल्यावर त्यानं ठरवलं, आता ड्रॉइंग आपलं. विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचं टेबलावर मावेल असं, हवेवर चालणारं मॉडेल करायचं आणि दसऱ्याला बोरीहून व्याही सोपानराव आले की त्यांच्या डोळ्यांदेखत फिरवायचं. कारण लग्नाच्या पंगतीत सोपानराव म्हणाले होते, "आमचं पावणं जन्मभर नट पिळत व्हते." तो नट चार वर्षं हौशीरामच्या घशात अडकलेला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून डॉक्टरनं लेथजवळ जायला बंदी केलेली. म्हणून गोठ्यातल्या लेथवर उभा केला मेव्हण्याला, भिकाला. पहिल्या ड्रॉइंगवर हौशीराम एक माप लिहायला विसरला आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, परातीएवढं झालं.

"दाजी, मला वाटलं मोठं बरं दिसंल."

"तुला वाटायचं काय काम नाय. कागदावर हाय तेवढंच करायचं. डोकं घरी ठिवून यायचं."

भिकाला हे लगेच जमलं.

मग हौशीरामनं असं ड्रॉइंग काढलं की शेळीनं बघितलं तरी तिला कळावं. सगळं खऱ्या मापाचं, कागदावर जेवढं तेवढाच पार्ट. कोपऱ्यात ठळक सूचना: लाल ठिपका म्हणजे भोक, सहा एमएम.

कागद गोठ्यात न्यायचं काम बायकोकडं, इंद्रायणीकडं आलं. घरातली नवी वस्तू कामाला लागायच्या आधी तिच्यावर कुंकवाची पाच बोटं उमटवायची, मग तो ट्रॅक्टर असो का मिक्सर, हा तिचा नेम. तिनं कागदावरचा सगळ्यात मोठा चौकोन निवडला. तो निघाला सिलिंडरचा ब्लॉक.

दसऱ्याला सकाळी ब्लॉक हातात आला.

"भिका, ही पाच भोकं कसली?"

"लाल ठिपके व्हते की. जरा वाकडेतिकडे व्हते, पण इचारलं नाय. डोकं घरी व्हतं."

तेवढ्यात दारात सोपानरावांची जीप. नवा ब्लॉक करायला आता वेळ कुठला? एकमेकांची तोंडं बघत इंजिन जोडलं, पंक्चरवाल्याचा कंप्रेसर लावला. फ्लायव्हील हललंसुद्धा नाही, पण पाची भोकांतून अशी शिट्टी सुटली की शेळी दावं तोडून पळाली.

"पावणं," सोपानराव म्हणाले, "इंजिन हाय का सनई?"

हौशीरामनं बोटं लावली. बोटं केळ्याएवढी, दोन भोकं झाकली की तीन उघडी. भिकानं लावली, तर अंगठा पोचेना. शेवटी पुरणाचा हात पदराला पुसत इंद्रायणी बाहेर आली.

"सरा तिकडं."

तिनं उजवा हात ठेवला. पाच बोटं, पाच भोकं, केसाचा फरक नाही. शिट्टी बंद. इंजिन एकदा शिंकलं आणि लागलं की फिरायला, फटफटफटफट. सोपानरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"फिरलं राव," ते म्हणाले. "आमाला बी एक करून द्या की."

"किती येळ धरू?" इंद्रायणी म्हणाली. "पोळी करपतीय तिकडं."

हौशीरामनं छाती काढून तिथंच ड्रॉइंग पसरलं आणि पार्टांच्या यादीत खाली नीट अक्षरात एक ओळ वाढवली: इंद्रायणीचा उजवा हात, नग एक.

भिकानं कागद उचलला, दोनदा वाचला.

"दाजी, ह्यो पितळंचा करू का लोखंडाचा?"