सहा हजार आणि चार मरतुकडे

लालबागच्या चाळीत राहून गणित येणं हा गुन्हा आहे, हे विकासला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. शाळेत गणित शिकवणारा सरळमार्गी माणूस तो. शेजारच्या अण्णांना एकदा सहज बोलून गेला, "सगळे पैसे एकाच घोड्यावर कशाला लावता? चार घोड्यांवर वाटा. भाव कमी, म्हणजे जिंकला तर थोडेच मिळणार, त्याच्यावर जास्त लावा; भाव मोठा त्याच्यावर थोडे. चारांतला कुणीही पहिला आला तरी हातात तेवढेच." झालं! तेव्हापासून दर रविवारी अण्णांचं टोळकं त्याला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घेऊन जायचं. थोडेच पैसे सुटायचे, पण सुटायचे. आणि नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? अण्णांनी त्याच्या बापाला खांदा दिलेला.

आज निघताना बायकोने, संघमित्राने, शांतपणे सांगितलं, "पुढच्या रविवारी गेलास, तर मी पोरीला घेऊन आईकडे जाते. कायमची." ती पोकळ धमक्या देणाऱ्यातली नव्हे.

मग विकासने ठरवलं, आज हरायचं. असं सपाटून हरायचं की हे लोक परत दारात उभे राहायला नकोत. शर्यतीत नऊ घोडे. अख्खं मैदान ज्याच्यावर पैसे लावत होतं, तो फेव्हरिट त्याने गाळला आणि चार मरतुकडे निवडले. सगळ्यांच्या वर्गणीचे सहा हजार मात्र चौघांत चोख वाटले, नाहीतर अण्णांना संशय आला असता.

"विक्या, फेव्हरिट नाय घेतलास?"

"विश्वास ठेवा, अण्णा," तो म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

घोडे सुटले. वळणापर्यंत फेव्हरिट पुढे. "पळ रे राजा, पळ!" विकास मनातल्या मनात जीव तोडून ओरडत होता. पण शेवटच्या टप्प्यात राजा ढेपाळला, आणि चार मरतुकड्यांतला एक मानभर पुढे निघून जिंकला. सहाचे अठरा हजार झाले!

टोळक्याने विकासला खांद्यावरच घेतलं. अण्णांनी तिथूनच फोन लावले. बाजूच्या चाळीतले दहा जण पुढच्या वेळी यायला तयार झाले. खाली उतरवल्यावर विकासला रडूच कोसळलं.

"अण्णा, आईशप्पथ, मी पैसे मुद्दाम हरायलाच लावले होते. मला सोडा हो यातून."

अण्णांनी स्वतःच्या रुमालाने त्याचे डोळे पुसले, गालावर प्रेमाने चापट मारली.

"मग पुढच्या रविवारीपण असाच मुद्दाम हर, बाळा. अकराला येतो घ्यायला."