वीरभद्रप्पाचा हात

मामांनी डबा तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि हात दोनदा वरखाली केला. भुवनेश्वरी चौकटीत उभी राहून बघत होती. कडेवरच्या पुट्टीने आईच्या केसांतली पिन उपसून तोंडाकडे नेली होती. ती न बघताच काढून घेत भुवनेश्वरीने नजर सासऱ्यांच्या चेहऱ्यावरच ठेवली.

"ह्यात माल हाय," मामा म्हणाले. मग दुसरा डबा उचलला आणि लगेच खाली ठेवला. "ह्येच्यात कापूस भरलाय का काय? न्हाय यव्वा. हे नको," ते सुनेकडे बघत म्हणाले.

"पण अप्पा, दोन्हीवर साडेसहाशे वॅटच लिहिलंय की," तिचा नवरा संगमेश म्हणाला.

"लिहायला काय? मी माझ्या कपाळावर कलेक्टर लिहितो. होतो का?"

दोन्ही डबे कॉम्प्युटरला वीज पुरवणारे पॉवर सप्लाय होते, मिठाच्या बरणीएवढे. नव्या पेठेतल्या सोमेशच्या दुकानातून संगमेशने ते 'एक ठेवा, एक परत करा' या बोलीवर आणले होते. निवड अर्थातच मामांची. या घरात मिक्सरसुद्धा वीरभद्रप्पांच्या हातावरून गेल्याशिवाय ओट्यावर चढत नसे. चाळीस वर्षं त्यांनी अशोक चौकाजवळच्या गाळ्यात यंत्रमागाच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरल्या होत्या. तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमची तार भरलेली मोटर ते न उघडता ओळखत. कारखानदार नवी मोटर घेतली की आधी त्यांच्यापुढे आणून ठेवत. वीरभद्रप्पाचा हात म्हणजे काटा, असं सोलापूरच्या पूर्व भागात म्हणत. पुढे ओळखीचे माग एकेक करून बंद पडले, गाळा भाड्याने गेला, गुडघे गेले. राहिला तो हात.

कॉम्प्युटर भुवनेश्वरीचा होता. म्हणजे मुळात तो गेमसाठीचा. संगमेशच्या पुण्याच्या मित्राने गेम खेळायला हौसेने बांधून घेतलेला, चपलांच्या खोक्याएवढा; लग्न ठरल्यावर त्याने तो यांना स्वस्तात विकला. भुवनेश्वरीला तो टॉवेलांसाठी हवा होता. एका कारखान्याला कॅटलॉगसाठी चित्रं लागत. अजून मागावर चढलाच नाही असा टॉवेल घडी घालून, ओला करून, खुंटीला टांगून दाखवायचा, तोही असा की वर उभ्या दोऱ्याचा फासा न् फासा दिसला पाहिजे. ते काम अशा गेमच्या यंत्रालाच झेपतं. पुट्टी झाल्यानंतरच्या अडीच वर्षांत तिला मिळालेलं हे पहिलं काम. आणि चित्र पूर्ण होत आलं की खोकं खटकन बंद पडायचं.

तिला पहिली भीती वाटली ती आगीची. तिला सगळीच भीती वाटायची. घरातल्या प्रत्येक सॉकेटवर तिने चिकटपट्टी लावली होती आणि बाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा बघून ती जिन्यावरून तिसऱ्यांदा परत येत असे. पण या भीतीला बी.एस्सी.च्या दिवसांतलं कुतूहलही चिकटलेलं होतं. तिने वहीत मांडलं: चित्राचं कार्ड दोनशे वीस वॅट, प्रोसेसर नव्वद, पंखे-बिंखे चाळीस. साडेतीनशे झाले. आतला जुना डबा साडेचारशेचा. मग कमी कुठं पडतंय?

वही बघून मामा हसले होते. "हे चालताना किती खातं ते लिहिलंस. उठताना किती खातं?"

"म्हणजे?"

"माग सुरू होताना बघितलंस का कधी? मोटर एका झटक्यात पाचपट ओढती. घरातला दिवा मान टाकतो. मग परत शांत. तुझं ते कार्ड बी मधीच दचकत असंल, आपल्या पुट्टीगत."

दुपारभर शोधल्यावर तिला ते सापडलं. कार्ड खरंच दचकत होतं. सेकंदाच्या हजाराव्या भागात दुपटीने वीज ओढत होतं, आणि लहान डबा तेवढ्यात स्वतःला मिटून घेत होता. ती धावतच बाहेरच्या खोलीत आली होती.

"मामा! डबा बिघडलेला नाही. जळू नये म्हणून आपणच बंद होतोय."

"मग शहाणा हाय की," मामा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी जास्त खाल्ली. साडेसहाशेचा डबा आणायचं ठरलं ते तेव्हा.

आता त्यांनी जड डबा देवापुढे ठेवून त्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. हलका डबा संगमेश कामावर जाता जाता परत द्यायला घेऊन गेला.

"आपल्या गल्लीतल्या काशम्माच्या जोतिरामला बी हाच घ्यायला लावतो," मामा म्हणाले. "त्येच्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर बी असाच बंद पडतो म्हणं. ऊन उतरलं की जातो."

पुट्टी झोपल्यावर भुवनेश्वरी डबा जोडायला बसली. बसली खरी, पण आधी तिला बघायचं होतं, पंख्याच्या जाळीतून केसाची पिन आत जाते का. जात होती. तिने मोबाइलचा उजेड आत टाकला, पिन गेलीच तर कशाला लागेल ते बघायला.

आत कोपऱ्यात एक करडा तुकडा होता, साबणाच्या वडीएवढा. तिने डबा फिरवून चारी बाजूंनी बघितलं. तुकड्याला एकही तार येत नव्हती, एकही जात नव्हती. उष्णता काढायची पट्टी असेल म्हणावं, तर त्याला पात्या नव्हत्या आणि तो कुठल्या भागाला टेकलेलाही नव्हता. बाकीचा डबा मात्र दाणे न भरलेल्या कणसासारखा विरळ. मग तिने बाहेरचं लेबल वाचलं. मोठ्या अक्षरात ६५०. खाली बारीक कोष्टकात, बारा व्होल्टच्या पुढे, पंचवीस अँपिअर. बारा पंचविसे तीनशे; जुन्या साडेचारशेच्याही खाली. कॉम्प्युटर जवळजवळ सगळी वीज बाराच्याच तारेवर ओढतो, हे तिने वहीत स्वतःच लिहून ठेवलेलं होतं.

तुकडा वजनासाठी होता.

तिने स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात संगमेशला फोन लावला.

"अप्पाला बोलू नको," तो म्हणाला. "खोक्यात बसत नाही म्हण. हलका परत घेऊन येतो मी. अजून माझ्या गाडीतच आहे."

"आणि जोतिराम? मामा त्याच्याकडे जाणारेत."

"त्याचं बघतो की मी."

"कधी? ऊन उतरत आलंय."

"भुवना, त्यांच्याजवळ तेवढंच राहिलंय गं."

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. बाहेर मामा चप्पल शोधत होते, मधूनच पुट्टीच्या बाहुलीला दटावत होते. त्यांना आज गप्प राहून वाचवलं, तर उद्या जोतिरामचं यंत्र जळाल्यावर चारचौघांत कोण वाचवणार? आणि पुन्हा कुणी डबा घेऊन दारात आलं की आपण दर वेळी पाठीमागून उजेड टाकत बसायचं?

तिने डबा, मोबाइल आणि मामांचा चष्मा उचलला.

"मामा, मला एक कळेना. ह्या तुकड्याला एकही तार का नाही?"

मामांनी चष्मा लावला. बघितलं. डबा फिरवला, पुन्हा बघितलं. त्यांची एक चप्पल पायात होती, एक नव्हती.

"स्क्रू ड्रायव्हर आण."

चार स्क्रू निघाले. काळ्या डिंकाने चिकटवलेला तुकडा त्यांनी अलगद उचकटला, डाव्या तळहातावर ठेवला आणि उरलेला डबा उजव्या हातावर घेतला. डोळे मिटायची गरज पडली नाही. डावा हात खालीच राहिला.

पुट्टी झोपेत कुशीवर वळली. भुवनेश्वरीने पुढे होऊन तिला थोपटलं. मामा चिडतील, सोमेशला शिव्या घालतील, तिच्यावर ओरडतील, सगळ्याची तयारी तिने केली होती. मामांच्या आवाजात मात्र वही बघतानाचंच कुतूहल होतं.

"बघ की. हे लोखंड वीज खात न्हाय, देत न्हाय. मग कुणासाठी घातलं असंल?"

त्यांनी तुकडा तिच्यापुढे धरला.

"माझ्यासाठी," मामा म्हणाले. "कुटंतरी लांबच्या कारखान्यात एक माणूस बसलाय. त्येला ठाऊक हाय, सोलापुरात एक म्हातारा हाय, तो हातात धरून बघतो. त्येनं मला बरोबर वळखलं. मलाच तो वळखता आला न्हाय."

"मामा, पण उठतानाचं गणित तुम्हीच—"

"ऱ्हाऊ दे." त्यांनी हात वर केला. मग विचारलं, "तुला आधीच कळलेलं नव्हं?"

"हं."

"बरं केलंस, विचारलंस ते."

त्यांनी दुसरी चप्पल घातली. लोखंडाचा तुकडा शर्टाच्या खिशात टाकला. खिसा एका बाजूला ओघळला.

"आता कुठं?"

"जोतिरामकडं. काय घेऊ नको ते सांगाया लागंल की. त्येला बी हातात धरू दे, म्हंजे कळंल वीरभद्रप्पा कसा फसला."

जिना उतरताना त्यांचा एक हात कठड्यावर होता, दुसरा खिशावर. भुवनेश्वरी ते दिसेनासे होईपर्यंत गॅलरीत उभी होती. आत गॅसचं बटण बघायचं राहून गेलं, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

दिवेलागणीला संगमेश हलका डबा घेऊन आला. मामा बाजेवर बसले होते. त्यांचा हात सवयीने पुढे झाला, अर्ध्यावर थांबला आणि मागे आला.

"चष्मा दे," ते म्हणाले. "आणि ते बारीक काय लिहिलंय ते वाच यव्वा."

"बारा व्होल्ट. चोपन्न अँपिअर."

"बारा चोपन्न," मामांनी क्षणभर छताकडे बघितलं, "सहाशे अठ्ठेचाळीस. ठीक हाय. जोड."

विभूती त्यांनी त्यानंतर लावली, लेबलाची अक्षरं झाकली जाणार नाहीत अशी बाजूला.

खोकं सुरू झालं. पुट्टी आजोबांच्या मांडीवर येऊन बसली. पडद्यावर कोपऱ्यापासून एक निळा टॉवेल फाशाफाशाने उमटायला लागला. अर्धा झाला, पाऊण झाला, नेहमी बंद पडायची जागा मागे गेली. संगमेशने हळूच टाळी वाजवली. मामा पडद्याकडे बघत होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर उताणा पडला होता, आणि त्यावर काहीच नसताना मधूनच किंचित वरखाली होत होता.