पाइपात कोंबलेलं पोतं

साहेब, हे तुम्ही केलंत. फैनानं फक्त हात चालवले.

व्यात्का नदीकडच्या त्या रशियन गावात फैना आणि देम्यान सावेलिच यांची घरं कुंपणाला कुंपण लावून. अंगणात पाणी साचतं म्हणून देम्याननं कुंपणाखालून पाइप टाकला. बर्फ वितळायला लागला तसं त्याच्याकडचं सगळं पाणी फैनाच्या तळघरात आलं. वर्षाचे बटाटे पाण्यात.

"सावेलिच, काढ तो पाइप."

"पाणी उताराकडंच जाणार, फैना. दोरी बांधून धरू का त्याला?"

मग ती तुमच्या ठाण्यात आली. तुम्ही चहा ढवळत होतात. "काकू, हे दिवाणी प्रकरण. कोर्टात जा, वर्षभर फेऱ्या मारा. नाहीतर आपल्या हक्काचं रक्षण आपणच करायची सोय कायद्यात आहे. फक्त नुकसानीच्या मानानं करा."

"म्हणजे नेमकं काय करू?"

"ते आम्ही कसं सांगणार?"

तिनं पोत्यात चिकणमाती भरली आणि ते पोतं आपल्या बाजूनं पाइपात कोंबलं. पाइप फोडला नाही, कुंपणाला हात लावला नाही. अगदी मोजूनमापून.

कुंपणापलीकडं मात्र तिनं पाहिलं नाही. मुद्दाम. पाहिलं असतं तर मधमाश्यांच्या पेट्यांची जागा रिकामी दिसली असती. देम्यान त्या पेट्या हिवाळाभर जमिनीखालच्या खोलीत ठेवतो. एरवी या सुमारास उन्हात आणतो, पण यंदा थंडी हटतच नव्हती, म्हणून पेट्या अजून खालीच होत्या. तिला ठाऊक नव्हतं असं नाही. भांडण व्हायच्या आधी त्यानंच तिला त्या खोलीच्या दाराला कान लावायला लावला होता. "ऐक, कशा घोरतायत!"

अडलेलं पाणी त्याच खोलीत शिरलं. सकाळी तो एकेक पेटी उपडी करत होता. आतून माश्यांचे ओले, काळे गोळे पडत होते, किटलीतून चोथा झटकावा तसे.

"सावेलिच, मी..."

"कायद्यानं केलंस ना? मग रडतेस कशाला? जा, बटाटे वाळत घाल."

ती तशीच चिखलाच्या बुटांनी तुमच्याकडं आली. "माझ्यावर गुन्हा लिहा."

"कसला गुन्हा, काकू? तुम्ही हक्काच्या मर्यादेतच होतात. जा घरी, झोपा जरा."

"मी मुद्दाम बघितलं नाही, साहेब."

"न बघण्याला कलम नाही," तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या माणसाला हाक मारलीत.

आता ती भांडी घासते तीसुद्धा कुंपणाकडं पाठ करून. देम्यान दिसला की दार लावून घेते. तिचं पाप ती नाकारत नाही, तुम्ही पुसून दिलंत तरी ते पुसलं जात नाही. पण न बघणारी ती एकटी नव्हती. ठाण्यापासून तिच्या कुंपणापर्यंत चहा थंड व्हायच्या आत पोचता आलं असतं. तुम्ही तो पाइप बघायला का आला नाहीत? कलम सांगू नका. उत्तर द्या.